पंपावरची कोरडी पावलं

“पप्पा, पंप धुताना तुमी ‘मावशी, सरका जरा’ म्हणता, ते कुणाला?” मी विचारणार नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी विचारलंच.

पप्पांनी नुसता कोपरा दाखवला. भिगवणजवळच्या पेट्रोल पंपावरचे ऑइलचे डाग मशीनच्या फवाऱ्यानं निघाले होते. त्या कोपऱ्यात मात्र दोन पावलांएवढ्या काळ्या डागावर पाणी पडतच नव्हतं.

“आज बी तेवढं काळं राहिलं तर धुण्याचं काम दुसऱ्याला जाणार हाय,” खराटा टेकवत आई म्हणाली.

मी पप्पांच्या हातातून फवाऱ्याची गन घेतली आणि त्यांच्या मावशींना म्हणाले, “आजी, उन्हात किती उभ्या राहणार? चला की आमच्याकडं.”

कोरडी पावलं वळली. ओल्या काँक्रीटवरून चालत माझ्या शेजारी येऊन थांबली.

“आई, पप्पा,” मी म्हणाले, “टेम्पोत जागा करा. आजींना मी घरी नेतीय.”