कंपनी मोडली तर

सुनावणीला वीस मिनिटं उरली असताना ॲप स्टोअर चालवणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला.

"तक्रार मागे घ्या, मॅडम. संध्याकाळपर्यंत तुमचं ॲप आमच्या स्टोअरवर परत दिसेल."

शिवलीलानं फोन स्पीकरवर टाकला होता. समोरून ताबीश 'हो म्हण' अशा खुणा करत होता. सात रस्ता चौकाजवळच्या या खोलीत दोघांनी मिळून अंधांसाठी ॲप बनवलं होतं. औषधाच्या पाकिटासमोर मोबाईल धरला, की तो मराठीत किंवा कन्नडमध्ये नाव वाचून दाखवायचा. मग कंपनीनं तसलंच स्वतःचं ॲप आणलं आणि कुठल्याशा नियमावर बोट ठेवून यांचं काढून टाकलं. कंपनीच्या ॲपला कन्नड येत नव्हतं.

"कळवते," म्हणून तिनं फोन ठेवला.

"कळवते काय? घे की मिटवून!" ताबीश उसळला. "मंद्रूप गावचे आपले अंध शिवप्पा गोळी कुठली ते विचारायला शेजारणीच्या दारात उभे राहतात. त्यांना ॲप आज पाहिजे. कंपनीचे तुकडे व्हायला दहा वर्षं लागतील."

"आणि पुढच्या महिन्यात परत काढलं तर?"

लॅपटॉपवर सुनावणी घेणाऱ्या सरकारी समितीचे चेहरे उमटले होते. स्टोअर एका कंपनीकडे आणि ॲप दुसरीकडे, अशी फाळणी करावी का, हे समिती ठरवणार होती. शिवलीलानं माईक सुरू केला.

अध्यक्षबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "कंपनीची फाळणी केली, तर तुमचं ॲप चालेलच अशी खात्री देता?"

पडद्याच्या कोपऱ्यात कंपनीचा वकील पुढे सरकला.

"नाही," शिवलीला म्हणाली.

वकिलानं लगेच लिहून घेतलं.

"लोकांना पसंत पडलं नाही तर बंद पडेल ते. पण मग लोकांनी बंद पाडलेलं असेल, मॅडम. दुकानाच्या मालकानं नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि पुढच्या सुनावणीसाठी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. पडदा काळा झाला.

कंपनीच्या माणसाचा फोन पुन्हा आला नाही. शिवलीला गुडघे पोटाशी घेऊन खुर्चीत बसून राहिली. आपलं चुकलं का, हे ताबीशला विचारायचं तिला धैर्य होईना.

शेवटी त्यानंच लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"दोन महिने हायेत की," तो म्हणाला. "ॲपमध्ये तेलुगू पण घालून टाकू."