गुळगुळीत तांबं

तांबं पुन्हा खडबडीतच आलं. रौशानने विजेने तांबं चढवलेली पट्टी द्रावणातून उचलली, धुतली आणि उजेडात धरली. कडांना तेच मणी फुटलेले. मध्यभाग साखर सांडल्यासारखा रवाळ.

बाल्खाशच्या तांबे कारखान्याच्या प्रयोगशाळेत कितीतरी दिवस हेच चाललं होतं. फक्त एकदा तिच्या हातून आरशासारखं तांबं निघालं होतं. ती नाचतच सगळ्यांना दाखवत सुटली होती. त्यानंतर नाही ते नाहीच. वीज तेवढीच, आम्ल तेवढंच, ऊब तेवढीच. तिने वीज कमी करून पाहिली, द्रावण ढवळून पाहिलं. नवं द्रावण केलं तेव्हा तर आणखीच काटे आले. त्या दिवशी आपण वेगळं काय केलं, हेच तिला उमगेना.

आता उद्या अल्माटीहून ते आरशासारखं तांबं तपासायला माणसं येणार होती. आणि कारखान्यात कुजबुज सुरू झाली होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख तोलेगेन आगा पेल्यातून घोट घेत आत आले. "खरं सांग पोरी, पॉलिश मारलं होतंस ना त्या पट्टीला?"

"भाकरीची शपथ, आगा. नाही."

"मग पुन्हा का निघत नाही?"

"मलाच कळत नाहीये." तिचा आवाज चिरकला. "उद्या सांगून टाकते, चुकलं म्हणून."

तेवढ्यात बाहेर टाचांचा आवाज आला. आगा दचकले. "मेलो! डायरेक्टरबाई! इथे खाऊ-पिऊ नये ही पाटी मीच लावलीये." इकडेतिकडे बघत त्यांनी पेला सरळ तिच्या टाकीत उपडा केला.

टाचा पुढे निघून गेल्या.

"आगा! माझं द्रावण!"

"अगं, दोन घोट चहा तर होता. मागेही ओतला होता, काही बिघडलं नाही."

"मागे कधी?"

"तेच ते, तुझी पट्टी निघाली त्या सकाळी..." आगा बोलता बोलता थांबले.

निळ्या द्रावणात पांढुरका ढग पसरत होता.  रौशानने नवी पट्टी टांगली, वीज सुरू केली. दोघंही टाकीपाशी उभे राहिले. पट्टी वर आली तेव्हा तिच्यात दोघांचे चेहरे स्वच्छ दिसले.

रौशानने वही उघडली, पेन उचललं. मग हळूच म्हणाली, "आगा, तुम्ही चहात दूध किती घालता हो?"