कड्याने दिलेली हाक

सत्तरी ओलांडल्यावर पाठीवर ओझे घेऊन आम्ही दोघे सोलापूरकर हिमालयातील त्या सरोवरापाशी पोहोचलो. सकाळच्या उन्हात हिमशिखरे जळात उतरली होती. माझे हात आपोआप जुळले.

माझा मित्र जोतिराम, मूळचा वेळापूरचा, गळ घेऊन काठावरच्या निसरड्या खडकावर उभा राहिला. इतका निश्चल हात मी अन्य कुणाचा पाहिलेला नाही.

“गुरुजी, तुमी पानी बगा, मी मासं बगतो,” तो हसला.

गळ टाकण्यापूर्वी पाण्याला तीनदा हाक द्यायची, ही त्याच्या घराण्याची रीत. “जोतिराम आलाय की!” तो गरजला. पलीकडच्या कड्याने ती हाक सावकाश परत दिली. त्या गंभीर नादाने मी रोमांचित झालो.

दुसरी हाक आणि तिचा प्रतिध्वनी मात्र एकाच क्षणी उमटले.

तिसऱ्या वेळी जोतिरामने नुसता श्वास घेतला, तोच कड्यावरून त्याची हाक आली.

“लई हुशार हाय की डोंगर!” तो कौतुकाने म्हणाला आणि गळ फेकण्यासाठी खडकाच्या टोकाकडे सरकला.

मी त्याच्याकडेच पाहत होतो. त्याचे ओठ मिटलेले होते, मुद्रा प्रसन्न होती.

तेव्हाच पलीकडच्या कड्यावरून त्याचा आवाज आला, “गुरुजी, धरा मला!”