जुन्या पुड्या

“पाळी आली का?” डॉक्टर बिंदुमाधव रावांनी विचारलं. मुग्धाचं मनगट त्यांच्या तीन बोटांखाली होतं.

मुग्धाने तोंड उघडायच्या आत तिच्या सासूबाईंनी, सुलभाबाईंनी, ठोकून दिलं, “आली की! अगदी वेळेवर.”

धडधडीत खोटं. पाळी केव्हाच चुकली होती. पोरीच्या उलट्यांचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून सुलभाबाई रोज सकाळी न्हाणीघरातला नळ धो धो सोडून ठेवत होत्या.

डॉक्टरांनी दुसरं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग जीभ पाहिली. पुन्हा मनगट धरलं.

“नक्की ना, अक्का?”

“अहो, सुनेच्या पाळीबद्दल मी कशाला खोटं बोलू?”

“सरी, बरं तर,” डॉक्टर म्हणाले. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे मराठी निम्मी कानडीत भिजलेली. चिनी सुयांची विद्या ते कोलंबोला जाऊन शिकून आले होते, आणि इंदिरानगरातल्या त्यांच्या दवाखान्यात मूल नसलेल्या बायकांची रीघ असायची. एरवी ते मुग्धाच्या पोटावर, पायांवर सुया लावायचे. आज मनगटाशी दोन, कपाळावर एक, की झालं! सुलभाबाईंना वाटलं, हा बाबा आज अंगचोरपणा करतोय. मग डॉक्टर स्वतः आत गेले आणि काढ्याच्या नव्या पुड्या बांधून घेऊन आले.

“आजपासून हा काढा. जुन्या पुड्या टाकून द्या हं. स्वल्पही ठेवू नका.”

रिक्षात मुग्धा हळूच म्हणाली, “आई, डॉक्टरांना तरी सांगायला हवं होतं.”

“डॉक्टर झाला तरी माणूसच ना गं? तो बायकोला सांगणार, बायको शेजारणीला. तीन महिने होईपर्यंत या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. मागच्या वेळचं विसरलीस?”

मुग्धा कसं विसरेल? चार वर्षांपूर्वी दिवस राहिले तेव्हा तिच्या नवऱ्याने, शार्दूलने, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले होते. सुलभाबाईंनी एसटीडी बूथवरून पुण्याला सतरा घरी कळवलं होतं. आणि पंधरवड्यात सगळं संपलं. त्यानंतर कूस उजवली नव्हती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वेळी सुलभाबाईंनी शार्दूललासुद्धा सांगू दिलं नव्हतं. “त्याच्या पोटात तीळ भिजत नाही,” त्या म्हणाल्या होत्या, आणि ते खरंच होतं.

सुलभाबाईंचा सुनेवर जीव होता, हे मात्र कुणीही सांगावं. जे. पी. नगरच्या त्या दोन खोल्यांत त्या मुग्धाला पाण्याचा तांब्या उचलू देत नव्हत्या. काढाही त्या स्वतः उकळायच्या. कुठल्या कुठल्या साली नि मुळ्या, वास असा की समोरच्या गंगव्वा नाकाला पदर लावून विचारायच्या, काय जळतंय म्हणून. सुलभाबाई सांगायच्या, माझ्या गुडघ्यांचं औषध.

त्या संध्याकाळी त्यांनी डबा उघडला. जुन्या पुड्या बऱ्याच उरल्या होत्या. औषध का कधी कुणी टाकतं? घरात शिळी पोळीदेखील त्यांनी आजवर टाकलेली नव्हती. शिवाय गुण आला तो याच पुड्यांनी! चार वर्षं जे झालं नाही ते यांनी करून दाखवलं होतं. आधी या संपवू, मग नव्या काढू, असं म्हणून त्यांनी भांडं चुलीवर ठेवलं.

मुग्धा नाक दाबून प्यायली. सासूबाई देतील ते ती नाक दाबून प्यायचीच. आठवडाभर प्यायली.

मग एका पहाटे न्हाणीघरातून तिची हाक आली. नळ सोडायची गरज पडली नाही, कारण तिच्या गळ्यातून दुसरी हाक निघालीच नाही. सुलभाबाईंनी दार ढकललं. फरशीवर रक्त होतं आणि मुग्धा भिंतीला टेकून रडत होती.

“कुणाला कळलं? मेलं कुणाला कळलं?” त्या दिवसभर स्वतःशीच पुटपुटत होत्या. कुणालाच कळलं नव्हतं. मग नजर लागली कुणाची? दुसऱ्या दिवशी त्यांना उत्तर सापडलं आणि त्या तडक इंदिरानगरला गेल्या. रांगेतल्या बायकांना बाजूला सारत आत घुसल्या.

“तुमच्या सुयांनी घात केला हो! पोरीला दिवस गेले होते. पाडलंत तुम्ही!”

डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. त्यांचा चेहरा पार उतरला.

“मी पोटापायांना सुई लावलीच नाही, अक्का. नाडी धरली तेव्हाच कळलं होतं मला. म्हणून तर पुड्या बदलल्या. जुन्या पुड्या पाळी मोकळी करणाऱ्या होत्या. पोटुशीला त्या चालत नाहीत. टाकल्यात ना?”

सुलभाबाई म्हणाल्या,

“आधी त्याच संपवल्या.”

“त्यानंच झालं, असं मी म्हणत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“कळलं होतं?” सुलभाबाई एकदम किंचाळल्या. “अहो, मग तिथल्या तिथे बोलला का नाहीत? खोटारडी म्हणायचं मला! चार लोकांत म्हणायचं! सहन केलं असतं हो मी!”

डॉक्टरांनी खाली ठेवलेली सुई उचलून डबीत टाकली.

“तुम्ही लपवताय, हे दिसत होतं मला,” ते म्हणाले. “आमच्या घरातही तीन महिने कुणी त्याबद्दल बोलत नाही, अक्का.”