भिंतीपेक्षा उंच

हौसाक्कांनी कमरेला खोचलेली सुतळी काढून नर्सरीवाल्यापुढं उभी धरली. घरच्या भिंतीची उंची मोजून तिला गाठ मारलेली होती. "या गाठीच्या वर जाणारं फूल दे. नाजूक, हलतं. गोंड्यासारखं ठेंगणं-ठुसकं नको."

"कॉसमॉस न्या, मावशी. बघा, वाऱ्यावर नुसतं डुलतंय."

ती गुलाबी-पांढरी फुलं बघून अक्का हरखल्याच. वाटणीच्या भिंतीपलीकडं धाकटी जाऊ राहायची. नऊ वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. आता रोज सकाळी ही फुलं भिंतीवरून डोकावणार आणि ती बया जळून खाक होणार! अक्कांनी त्याच फुलाची दोन डझन रोपं घेतली, भिंतीलगत ओळीनं लावली आणि लेकरागत जपली.

झाडं वाढली, भिंतीच्या वर फुलली. पण सगळ्या फुलांची तोंडं उगवतीकडं, म्हणजे जावेच्या अंगणाकडं! अक्कांच्या वाट्याला नुसत्या पाठी.

"मेल्यांनो, खाता माझं नि गाता तिचं?" त्या कडाडल्या.

भिंतीपलीकडून खुदकन हसू आलं. "अक्का, फुलं लई देखणी आल्यात. तोंडं बघायची असतील तर इकडं या. चहा टाकते."

अक्का थबकल्या. मग घरात जाऊन ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या आणि गल्लीला वळसा घालून जावेच्या दारात उभ्या राहिल्या.

"फुलं बघायला आलेय," त्यांनी बजावलं. "साखर जरा जास्त घाल."