निळं हेल्मेट

हालिनानं मैदानाकडे पाठ केली आणि डोळे गच्च मिटून घेतले. दुसऱ्या वळणावरच्या फाटकापाशी, खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेल्या जागेत, ती मुलाच्या प्रत्येक शर्यतीला अशीच उभी राहायची.

"तुमचा कोणता?" शेजारच्या बाईनं विचारलं. गळ्यात पाहुण्या संघाचा हिरवा मफलर होता. नाव दोरोता.

"निळं हेल्मेट. ओस्कर. पण मी बघत नाही."

"मग येता कशाला?"

"घरी बसून ऐकू येत नाही ना. तुमचा?"

"पिवळं. इगोर. मी बघते, आणि नंतर आठवडाभर झोपत नाही." दोघी हसल्या. दोरोताचा नवरा झेनेक मात्र हसला नाही. कुंपणाला नाक लावून तो सूर्यफुलाच्या बिया फोडत होता आणि सालं स्वतःच्याच बुटांवर थुंकत होता.

पोलंडच्या सांघिक अजिंक्यपदाची ही शेवटची शर्यत. दोन इथले, दोन पाहुणे. ब्रेक नसलेल्या चार मोटरसायकली आणि चार फेऱ्या. इथल्या संघाला नुसती बरोबरी पुरत होती. पाहुण्यांना मात्र जिंकावंच लागणार होतं.

सुरुवातीच्या रेषेवर ताणलेली दोरी वर गेली आणि चारही इंजिनं एकदम किंचाळली. हालिना ऐकत राहिली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत, अगदी तिच्या पाठीमागे, लाकडी फळीवर काहीतरी धाडकन आदळलं आणि चारांतला एक आवाज कमी झाला.

"कोण?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

दोरोता वाकून जाळीतून बघत होती.

"अहो, कोण पडलंय?"

"निळं," दोरोता म्हणाली.

हालिनानं फाटकाचा खांब धरला. "येशू, मारिया," एवढंच म्हणाली. डोळे उघडायचं बळ तिच्यात नव्हतं.

ओस्कर फाटकाच्या आत, हाताच्या अंतरावर पालथा पडला होता. मोटरसायकल त्याच्या बाजूला आडवी. वरची प्रेक्षकांची गॅलरी एकदम चिडीचूप झाली. बाकीचे तिघं पुढे निघून गेले होते आणि फेरी मारून इथेच परत येणार होते.

झेनेकनं मुठीतल्या बिया टाकून दिल्या. "पडून राहा," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "पडून राहा, पोरा, तसाच."

"काय बोलतोयस तू?"

"अगं, पुढे त्यांचा डॅनिश कर्णधार आहे. पहिल्याला तीन गुण. मागे आपले दोघं, दोन आणि एक. म्हणजे तीन-तीन, बरोबरी, आणि गेलं आपलं सोनं! पण हा उठला नाही तर डॉक्टर आत जाणार, लाल दिवा लागणार, शर्यत पुन्हा होणार. आणि पडलेला बाद! मग पहिल्यापासून सुरुवात, त्यांचा एकटा आणि आपले दोघं. कळतंय का तुला? तो नुसता पडून राहिला पाहिजे!"

दोरोताला सगळं कळत होतं. इगोर लहानपणापासून ज्या पदकाचं नाव काढायचा, ते तिच्या पायाशी मातीत पडलं होतं. तिनं हालिनाकडे पाहिलं. हालिनाचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

दोरोता कुंपणाच्या जाळीला बिलगली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "ओस्कर! ऊठ, बाळा! ऊठ!"

"दोरोता!" झेनेकनं तिचा दंड धरला. तिनं तो झिडकारला.

"ओस्कर! इकडे बघ! ऊठ रे राजा!"

निळं हेल्मेट हललं. आवाजाच्या दिशेनं जरासं वळलं. मग एक गुडघा वर आला, मग दुसरा. तेव्हा कुठे गॅलरीला कंठ फुटला आणि सगळं गाव एका सुरात ओरडू लागलं. मैदानावरच्या माणसांनी फाटक उघडलं, मोटरसायकल ओढून काढली, आणि तिघं वळणावर यायच्या आत ओस्कर रांगत रांगत बाहेर आला. फाटक बंद झालं. लाल दिवा लागला नाही.

"आई," तो तोंडातली माती थुंकत म्हणाला, "उघड आता डोळे."

हालिनानं डोळे उघडले आणि त्याच्या खांद्यावर एक फटका दिला.

"आई गं! दुखतंय!"

"दुखू दे. दुखतंय ना? मग बरंय." ती खाली सिमेंटवरच बसली आणि हसता हसता रडू लागली.

"जिंकलो का आपण?"

"मला काय विचारतोस? मी कुठे बघितलंय?"

वर फटाके फुटायला लागले, तेव्हा दोघांनाही उत्तर मिळालं.

पाहुण्यांच्या बाजूला सामसूम होती. इगोर शर्यत संपवून आला, गाडी भिंतीला टेकवली आणि हेल्मेट न काढताच बसून राहिला. पोराचे दोन्ही हात, दोन्ही पाय जागच्या जागी आहेत हे दोरोतानं दोनदा बघून घेतलं, तरी नजर त्याच्यावरून काढली नाही.

झेनेकनं बुटांवरची सालं झटकली. मग हळूच, भांडायचंही त्राण नसल्यासारखा म्हणाला, "सगळं स्टेडियम गप्प होतं, दोरोता. एक तू ओरडलीस. तू नक्की कुणाची आई आहेस?"

"त्याच्या आईनं डोळे मिटले होते," दोरोता म्हणाली. "मग हाक कोण मारणार?"