मूळ डिस्क

नमिताच्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर नवं ऑफिस सॉफ्टवेअर चढेना. जुन्या सॉफ्टवेअरची मूळ डिस्क घाला, म्हणून ते अडून बसलं होतं. कित्येक महिने घरी बसल्यावर कसंबसं टायपिंगचं काम मिळत होतं, तेही हे सॉफ्टवेअर असेल तरच. म्हणून ती सानपाड्याहून तळवलीला आली, ज्यांनी कॉम्प्युटर विकला त्या भागीरथीकाकूंकडे.

काकू गच्चीवर बोंबील वाळत घालत होत्या. वर दोरीला जुन्या डिस्क टांगलेल्या. त्यांतलीच एक नेमकी हवी ती.

"काकू, ही इथे टांगलीत?"

"मना काय म्हाईत गो? चकाकते, कावले घाबरतात." काकूंनी ती सोडवली, पदराने पुसली. ओरखडासुद्धा नव्हता. "कॉम्पुटर लावला का आमच्या पोराचं, धनेशचं नाव येतं ना गो अजून?"

"ते जुनं सॉफ्टवेअर उघडलं की येतं. पण नवं टाकलं की जाईल, काकू. माझं घालावं लागेल."

काकू जरा वेळ बोंबीलच सारखे करत राहिल्या.

"रेशनकार्डावरचं त्याचं नाव मीच कमी करून आनलं. तेरावं झाल्यावर." मग त्यांनी डिस्क पुढे केली. "घे बाय. तुजं काम अडलंय."

नमिताने डिस्क घेतली आणि पुन्हा दोरीला बांधली. गाठ दोनदा मारली.

जिना उतरताना तिने टायपिंगचं काम देणाऱ्या बाईंना फोन लावला. "मॅडम, डिस्क नाही मिळाली. दुसरं कुणी बघा."